नुसती रेघ

कराड
रविवार, रात्रीचे साडेदहा

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडत होतीस आणि मी "जेवलीस का?" एवढंच विचारलं. पुढचं सगळं तुझी आई बोलली. फोन ठेवल्यावर रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मनातलं मला फोनवर बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे, म्हणून लिहायला बसलोय. पत्र लांबेल. कामाच्या गडबडीत उघडू नकोस, सुट्टीच्या दिवशी निवांत वाच.

तू सांगितलंस ते मला नीट समजलं. आठ महिने खपून तू बॅटरीच्या चार्जिंगचं ते सर्किट उभं केलंस, रात्री थांबून एकेक बोर्ड तपासलास, आणि परवा मोठ्या साहेबांपुढे तुझ्या वरच्या माणसाने ते स्वतःचं म्हणून मांडलं. तुझं नाव कुठेच नव्हतं आणि तू त्याच खोलीत मागच्या खुर्चीवर बसून होतीस. "पप्पा, मी राजीनामा देते आणि घरी येते, तुमच्या दुकानात बसते," असं म्हणालीस. दुकान तुझंच आहे, कधीही ये. पण त्याआधी एका माणसाची हकिकत तुला सांगायची आहे. आणि त्यानंतर माझी एक, जी तुला आजवर सांगितलेली नाही.

तू पहिली-दुसरीत असताना शाळा सुटली की थेट दुकानात यायचीस. लोक गोधडीत गुंडाळून, सायकलच्या कॅरियरला बांधून टीव्ही आणायचे आणि सांगायचे, "आवाज येतोय, पण चित्र नाही. नुसती रेघ येतीय." काळ्या पडद्यावर मधोमध एक लख्ख पांढरी आडवी रेघ, बाकी सगळा अंधार. तू विचारायचीस की उरलेलं चित्र कुठं गेलं, आणि मी सांगायचो की त्या रेघेतच घडी घालून ठेवलंय. ते खरंच होतं. तेव्हाच्या आपल्या टीव्हीचं चित्र ६२५ रेघांचं. त्यांना वरपासून खालपर्यंत पसरवणारा भाग बंद पडला की सगळ्या रेघा एकमेकींवर पडतात. कधी व्हर्टिकलचा आयसी, म्हणजे हे पसरवायचं काम करणारी चिप, उडालेला असायचा, कधी योकच्या, म्हणजे ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलच्या, पिनेला ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला डाग. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ती रेघ म्हणजे टीव्ही गेल्याची खूण.

७ सप्टेंबर १९२७ या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत ग्रीन स्ट्रीटवरच्या एका खोलीत अशीच एक रेघ उमटली. एका खोलीत काचेच्या पट्टीवर रेघ ओढलेली होती, पाठीमागे प्रखर दिवा होता. दुसऱ्या खोलीत गोल काचेवर तीच रेघ दिसली. मग पहिल्या खोलीत यंत्र बनवणाऱ्याच्या मेव्हण्याने काचपट्टी फिरवली, तशी इकडची रेघही फिरली. कुठे चाक नाही, तबकडी नाही, फिरणारा एकही भाग नाही. नुसत्या इलेक्ट्रॉनच्या जोरावर एका जागचं दृश्य दुसऱ्या जागी गेलं. हे यंत्र बनवणाऱ्या फायलो फार्न्सवर्थचं वय होतं २१ वर्षं. तुझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान.

हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते आयटीआयला असताना, रेडिओ-टीव्हीच्या ट्रेडला. आमच्या सरांनी आधी पुठ्ठ्याची एक गोल तबकडी करून आणली होती, तिला गोगलगाईच्या वळणाने भोकं पाडलेली. जर्मनीतल्या पाउल निपकोव्हने १८८४ साली हीच कल्पना मांडली होती. तबकडी फिरली की एकेक भोक चित्राची एकेक रेघ वाचत जातं. लंडनमध्ये जॉन लोगी बेअर्डने तशाच युक्तीवर २६ जानेवारी १९२६ रोजी माणसाचा हलता चेहरा दाखवला, ३० रेघांचा. बेअर्डबद्दल मला फार आदर आहे, त्याने हातात मिळेल त्या सामानातून यंत्र उभं केलं. पण तबकडी फिरवून फिरवून किती वेगाने फिरवणार? सरांनी पुठ्ठा बाजूला ठेवला आणि म्हणाले, आता एका शेतकऱ्याच्या पोराची गोष्ट ऐका. मी बाकावर ताठ बसलो, कारण त्या वर्गात मी एकटाच रानातून थेट आलेला होतो.

फायलो १९०६ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात, बीव्हर गावाजवळ लाकडी ओंडक्यांच्या घरात जन्मला. पुढे कुटुंब आयडाहोतल्या रिग्बीजवळ शेतीवर राहायला गेलं. तिथे विजेसाठी स्वतःचं जनित्र होतं आणि माळ्यावर कुणीतरी सोडून गेलेला विज्ञानाच्या मासिकांचा गठ्ठा. जनित्र बिघडलं की हे बारा-तेरा वर्षांचं पोर ते दुरुस्त करायचं. आईचं हाताने फिरवायचं कपडे धुण्याचं यंत्र त्याने मोटर लावून चालतं केलं. एका मासिकाच्या स्पर्धेत मोटारीच्या कुलपाची युक्ती पाठवून २५ डॉलर जिंकले. मासिकांतच त्याने वाचलं की लोक दूरवर चित्र पाठवायच्या खटपटीत आहेत, आणि तबकड्यांनी ते नीट होत नाही.

चौदा वर्षांचा असताना तो बटाट्याच्या रानात घोड्यांचं औत हाकत होता. काम करता करता त्याने मागे वळून पाहिलं, तर सगळं रान एकाशेजारी एक तासांनी, म्हणजे औताने ओढलेल्या रेघांनी, भरलेलं. तिथे त्याला सुचलं की चित्रही असंच वाचावं, एकेक तास धरून. आणि वाचायला यंत्राचं चाक नको, इलेक्ट्रॉन हवा, कारण त्याला वजन जवळजवळ नाहीच. चुंबकाने वाटेल तसा वळवता येतो.

सायली, मी वयाच्या दहाव्या वर्षापासून तुझ्या आजोबांच्या नांगरामागे चाललोय. तास वाकडा गेला की आजोबा लांबूनच ओरडायचे. ते तास मी हजार वेळा पाहिले, आणि त्यात मला रान दिसलं, एवढंच. त्या दिवशी वर्गात मात्र पहिल्यांदा वाटलं की मी शिकतोय ते माझ्याच मुलखातलं आहे. पुढे दुकानात पिक्चर ट्यूब चालू केली की मला नेहमी नांगरट दिसायची. फरक एवढाच की आपण बांधाशी वळून उलटा तास धरतो, आणि टीव्हीतला बिंदू एकाच दिशेने ओढत जातो, मग रिकामा उडून परत पहिल्या कडेला येतो. त्या उडून परत येण्यावरूनच तो ट्रान्सफॉर्मर, ज्याला मी तुला कधी हात लावू दिला नाही, फ्लायबॅक म्हणून ओळखला जातो. सेकंदाला १५,६२५ तास. आजोबांना हा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली.

१९२२ साली, पंधरा वर्षांचा असताना, फायलोने ही कल्पना शाळेतल्या रसायनशास्त्राच्या सरांना सांगितली. जस्टिन टोलमन त्यांचं नाव. त्याने फळाच्या फळा आकृत्यांनी भरून टाकला. टोलमन सरांना सगळं कळलं असेल की नाही कोण जाणे, पण ते त्या पोराचं बोलणं शेवटपर्यंत ऐकत राहिले. या सरांचं नाव लक्षात ठेव, पुढे ते परत येतात.

मग त्याचे वडील गेले, १९२४ च्या जानेवारीत, न्यूमोनियाने. थोरला मुलगा म्हणून घर त्याच्यावर आलं. कॉलेज अर्धवट सुटलं, मिळेल ते काम केलं. सॉल्ट लेक सिटीत वर्गणी गोळा करायच्या कामावर असताना जॉर्ज एव्हरसन आणि लेस्ली गॉरेल या दोघांना त्याने आपली कल्पना सांगितली आणि त्यांनी ६,००० डॉलर काढून दिले. १९२६ च्या मे महिन्यात त्याने एल्मा गार्डनरशी लग्न केलं, घरी तिला पेम म्हणत. नवराबायको कॅलिफोर्नियात आले, भाड्याच्या घरात पडदे ओढून रात्रंदिवस काम. काचेच्या नळ्या, तारा, बंद खिडक्या. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती. भट्टी लावलीय या संशयाने पोलीस येऊन घर तपासून गेले.

पेमबद्दल मला तुला जास्त सांगावंसं वाटतं, कारण गोष्टीत तिचं नाव एका ओळीत येऊन जातं. ती यंत्रांच्या आकृत्या काढायला शिकली, नळीतले बारीक भाग वेल्डिंगने जोडायला शिकली. तिचा भाऊ क्लिफ काच फुंकायला शिकला, कारण हवी तशी सपाट तोंडाची नळी कुणी करून देईना. बँकवाल्यांनी पुढे २५,००० डॉलर आणि ग्रीन स्ट्रीटवरची ती जागा दिली. ७ जानेवारी १९२७ रोजी फायलोने पेटंटचा अर्ज दाखल केला. ही तारीखही लक्षात ठेव.

आता त्याची नळी कशी चालायची ते सांगतो, तू इंजिनिअर आहेस, तुला आवडेल. नळीच्या एका टोकाला अशा धातूचा थर, ज्यावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतात. उजेड जास्त तिथे जास्त, सावलीत कमी. म्हणजे दृश्याचं जसंच्या तसं इलेक्ट्रॉनचं चित्र तयार होतं आणि पुढे झेपावतं. समोर एकच बारीक भोक. बाहेरच्या कॉइल हे अख्खं चित्र आडवं-उभं सरकवतात, आणि भोकासमोर ज्या क्षणी जेवढे इलेक्ट्रॉन येतील तेवढा करंट. मला हे समजलं तेव्हा मी हातातलं काम ठेवून दिलं होतं. इथे नांगर जागेवर उभा आहे आणि सगळं रान त्याच्याखालून सरकतंय!

यात एक उणीव होती, तीही सांगितली पाहिजे. एका वेळी भोकात येतील तेवढेच इलेक्ट्रॉन कामाचे, बाकी सगळे वाया. त्यामुळे उजेड भयंकर लागायचा. पेमचं चित्र त्याने १९२९ साली प्रक्षेपित केलं, तर दिव्यांच्या झोताने तिचे डोळे मिटलेले आले. व्लादिमिर झ्वोरिकिन या रशियातून आलेल्या इंजिनिअरची नळी पुढे जास्त उपयोगी ठरली, कारण ती उजेडाचा परिणाम साठवून ठेवायची. टीव्ही एकट्या माणसाने शोधला असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नकोस. जपानमध्ये केन्जिरो ताकायानागीने १९२६ च्या डिसेंबरात पिक्चर ट्यूबवर एक जपानी अक्षर उमटवलं होतं, पाठवायच्या बाजूला मात्र तबकडीच होती. दोन्ही टोकांना इलेक्ट्रॉन, हे प्रत्यक्ष चालवून दाखवणारा पहिला म्हणून मी फार्न्सवर्थचं नाव घेतो, आणि ते घेताना मला अजिबात संकोच वाटत नाही.

हाच झ्वोरिकिन १९३० साली फायलोच्या प्रयोगशाळेत आला. फायलोने मोकळ्या मनाने सगळं दाखवलं, नळी कशी बनते तेसुद्धा. झ्वोरिकिनने ती हातात घेतली आणि, ही मीच बनवली असती तर, अशा अर्थाचे कौतुकाचे शब्द काढले. त्यानंतर तो आरसीए या बलाढ्य रेडिओ कंपनीच्या कामाला लागला. कंपनीचा प्रमुख डेव्हिड सार्नॉफ १९३१ साली स्वतः येऊन गेला आणि त्यांच्याकडून १,००,००० डॉलरचा देकार आला, सगळं विकून आमच्याकडे या म्हणून. फायलोने नाही सांगितलं. मग पेटंट कुणाचं, यावर भांडण लागलं. समोरच्यांचं म्हणणं, झ्वोरिकिनचा अर्ज १९२३ चा आहे, म्हणजे तो आधीचा.

वकिलाने टोलमन सरांना हुडकून काढलं. सरांनी साक्ष दिली आणि पंधरा वर्षांच्या पोराने फळ्यावर काढलेली आकृती पुन्हा काढून दाखवली. इतक्या वर्षांनी! हे वाचताना माझ्या डोळ्यात पाणी येतं, दर वेळी येतं. पण सायली, मला तुला दाखवायचंय ते याच्या पुढचं. साक्ष मनाला भिडली तरी निकालात वजन पडलं ते कागदाचं. फायलोकडे ७ जानेवारी १९२७ चा अर्ज होता. १९२३ च्या अर्जातली नळी त्या काळात बनवून चालवली होती, याचा पुरावा समोरच्यांना देता आला नाही. हक्क फायलोचा ठरला. कंपनीने अपील केलं, तेही टिकलं नाही. रॉयल्टी घ्यायची, द्यायची नाही, असा जिचा खाक्या सांगतात, त्या कंपनीने १९३९ च्या सप्टेंबरात दहा वर्षांत १० लाख डॉलर आणि वर रॉयल्टी द्यायचं कबूल केलं.

इथे गोष्ट थांबवली असती तर तुला बरं वाटलं असतं. मी थांबवणार नाही, कारण मला काळजी वाटते ती पुढच्या भागामुळेच.

त्या भांडणाच्या वर्षांत त्याचं घर पोखरत गेलं. १९३२ च्या मार्चमध्ये धाकटा मुलगा केनी घशाच्या संसर्गाने गेला, जेमतेम वर्षाचा. फायलोला कामावरून निघता आलं नाही, पेम एकटी ती छोटी पेटी घेऊन रेल्वेने युटाला गेली. त्या प्रवासाचा विचार मी करू शकत नाही. पुढे फायलो दारूत अडकला, मन खचलं, महिनोन्महिने अंथरुणाला खिळला. ज्या सप्टेंबरात करार झाला त्याच महिन्यात महायुद्ध पेटलं. नंतर अमेरिकेत टीव्हीचे संच बनवणंच बंद झालं, आणि युद्ध संपून घरोघर टीव्ही जायला लागले तोवर १९३० च्या त्या मुख्य पेटंटची १७ वर्षांची मुदत भरली. त्याच १९४७ साली अमेरिकेतल्या मेन राज्यातलं त्याचं घर वणव्यात जळालं.

१९५७ साली तो एका टीव्हीवरच्या खेळात आला, 'डॉक्टर एक्स' म्हणून. त्याचं गुपित ओळखायचं होतं. कुणीतरी विचारलं, तुमचं यंत्र वापरताना वेदना होतात का? तो म्हणाला, हो, कधीकधी फार होतात. कुणालाही ओळखता आलं नाही. त्याला ८० डॉलर आणि सिगारेटची पेटी मिळाली. टीव्हीवर बसलेल्या माणसांना टीव्ही कुणी बनवला ते माहीत नव्हतं.

आता माझं.

१९८९ ची गोष्ट, तुझा जन्म व्हायचा होता. दुकान टाकून तीन वर्षं झाली होती. रविवारी सकाळी पौराणिक मालिका लागायची आणि पाटणकडच्या डोंगराआडच्या गावांत पडद्यावर नुसत्या मुंग्या. बाजारातला बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारा डबा, लावला तर मुंग्याही मोठ्या होऊन यायच्या. मी चार महिने रात्री बसून एक बूस्टर जुळवला. अँटेनाच्या खांबावरच बसवायचा, खालून केबलमधूनच त्याला वीज जायची, आणि पहिल्या टप्प्याला मी असा फिल्टर दिला होता की चित्र स्वच्छ यायचं. पहिला लावला तेव्हा त्या गावातल्या बायका मला ओवाळायला निघाल्या होत्या. एका शहरातल्या व्यापाऱ्याच्या कानावर गेलं. तो येऊन म्हणाला, आपण मिळून बनवू. मी नमुन्याचा बोर्ड दिला आणि बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानावर सर्किट काढून दिलं. कार्बन नाही, तारीख नाही, सही नाही.

सहा महिन्यांनी तोच बूस्टर त्याच्या नावाचं स्टिकर लावून कराडच्याच बाजारात आला. मी एक विकत घेतला आणि उघडला. माझ्या नमुन्यात एका जागी दोन रेझिस्टर मालेत जोडलेले होते, कारण त्या दिवशी हव्या त्या किमतीचा एकच रेझिस्टर दुकानात नव्हता. त्याने ते दोन्ही तसेच्या तसे छापील बोर्डावर घेतले होते. मी एसटी पकडून त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "कागद दाखवा, सही दाखवा." मी परत आलो.

सांगण्यासारखं एवढंच असतं तर सांगून टाकलं असतं कधीच. पण त्यानंतर मी नवीन काही जुळवलंच नाही. आधी वर्षभर राग होता म्हणून, मग सवय मोडली म्हणून. आले ते टीव्ही दुरुस्त केले, घर चाललं, तू शिकलीस. बूस्टरच्या पुढे माझ्या डोक्यात दोन गोष्टी होत्या, त्यांच्या आकृत्यासुद्धा मी काढल्या नाहीत. आईला हे सगळं माहीत आहे. तिने एकदाही टोचून बोललं नाही, पण काल तू "सगळं सोडते" म्हणालीस तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं.

तुला आठवत असेल, आठवीपासून मी तुझ्या मागे लागायचो. प्रयोगाच्या वहीत पानाच्या वर तारीख टाक, खाली सही कर, पान फाडू नकोस, चुकलं तरी खोडू नकोस, नुसती आडवी रेघ मार. तू चिडायचीस, "पप्पा, बाईसुद्धा एवढं सांगत नाहीत." मी कारण सांगितलं नाही. कारण हे होतं. आणि कॉलेजात गेल्यावरही तू ती सवय सोडली नाहीस, हे मी सुट्टीत तुझ्या टेबलावर पाहिलंय.

म्हणजे त्या आठ महिन्यांच्या वह्या तुझ्याकडे असणार. त्यात पहिल्या दिवसापासूनच्या तारखा असणार, जळालेल्या बोर्डांच्या नोंदी असणार. मेल असतील. माझ्याजवळ यातलं काही नव्हतं, तुझ्याजवळ सगळं आहे. राजीनाम्याचा कागद लिहायच्या आधी त्या वह्या पुढ्यात घेऊन बस. मोठ्या साहेबांची वेळ माग, आणि आवाज न चढवता विचार की या कामावर माझं नाव का नाही. ते काय करतील ते मला सांगता येत नाही. नाहीच ऐकलं तर दुसरी नोकरी बघ, मी एका शब्दाने अडवणार नाही. पण विचारल्याशिवाय निघू नकोस, आणि त्या माणसाच्या रागापायी पुढचं सर्किट काढायचं थांबवू नकोस. फार्न्सवर्थने बाकी काहीही झालं तरी हे एक सोडलं नाही. शेवटच्या वर्षांत तो अणूंच्या संमीलनातून ऊर्जा मिळवायच्या यंत्रावर काम करत होता, स्वतःची पुंजी त्यात घालून. त्याने पेमला आणि मुलांना जे सोसायला लावलं ते मला पटत नाही. पण माझ्यासारखा तो हात धुवून बाजूला बसला नाही.

२० जुलै १९६९ ला चंद्रावर माणूस उतरला तेव्हा तो आणि पेम घरी टीव्हीसमोर बसले होते. पेमने नंतर सांगितलं की तो तिच्याकडे वळून म्हणाला, या एका गोष्टीने सगळ्याचं चीज झालं. त्या वेळी आपल्याकडे टीव्ही नव्हताच, मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. मी सात वर्षांचा होतो आणि आजोबांनी मला खांद्यावर घेऊन ग्रामपंचायतीच्या रेडिओवर बातमी ऐकवली होती. मार्च १९७१ मध्ये फार्न्सवर्थ गेला. पेम त्यानंतर पस्तीस वर्षं जगली आणि नवऱ्याचं नाव जिथे जिथे गाळलं होतं तिथे तिथे ते घालून घेण्यासाठी झटत राहिली.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने मी बंगळूरला येतोय. तिकीट काढलंय. तुझ्या ऑफिसात येणार नाही, घाबरू नकोस, खोलीवरच थांबेन. वह्या काढून ठेव, शनिवारी आपण दोघं तारखा लावून बसू. मला त्यातलं सगळं समजणार नाही, तू समजावून सांग. येताना तो बूस्टर घेऊन येतोय. माळ्यावर होता, आज काढून पुसला. दोन्ही रेझिस्टर जागेवर आहेत.

आईने शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट बांधून ठेवलंय. वेळेवर जेवत जा.

तुझे
पप्पा